चावडी आणि दप्तर

वस्तुसंग्रहालयांनी आपले संग्रह आंतरजालावर मांडावेत की नाही, हा वाद आता उरलेला नाही. मांडावेत, याविषयी बहुतेकांचे एकमत आहे, आणि जगातील लहानमोठी संग्रहालये ते काम करीतही आहेत. वाद आहे तो पुढच्या पायरीचा. संग्रह मांडला म्हणजे तो पाहणारे लोक बोलू लागणार. कोणी आठवण सांगणार, कोणी चूक दाखविणार, कोणी नुसते वाहवा म्हणून पुढे जाणार. या बोलण्यास जागा कोणी द्यावी? संग्रहालयाने स्वतःचे असे एक संकेतस्थळ बांधावे काय, की जेथे लोकांनी सभासद व्हावे, वस्तूंखाली अभिप्राय लिहावेत, आपल्या आवडीच्या वस्तूंचे संच लावावेत आणि परस्परांशी बोलावे? की लोक जेथे आधीच जमलेले आहेत त्या फ्लिकर, फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या ठिकाणी संग्रहालयानेच आपल्या वस्तू घेऊन जावे? एक पक्ष म्हणतो की, राष्ट्राचा ठेवा परक्या कंपनीच्या ओसरीवर मांडणे लाजिरवाणे आहे. दुसरा म्हणतो की, रिकामा वाडा बांधून पाहुण्यांची वाट पाहात बसणे शहाणपणाचे नव्हे.

आम्ही संग्रहशास्त्राचे पंडित नव्हे. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करावी, आणि सवड सापडली की जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात एखादी दुपार घालवावी, एवढाच आमचा या विषयाशी संबंध. तरीही या वादात चार शब्द बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहो. कारण थोडा विचार करता आम्हांस असे दिसून आले की, हा प्रश्न जितका तंत्राचा मानला जातो तितका तो तंत्राचा नाही. तो आवक पत्रांचा प्रश्न आहे. आणि आवक पत्रे हा तर आमचा पोटाचा धंदाच आहे.

आधी आमच्या अनुभवाची एक लहानशी गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आम्ही पितळी वस्तूंची चित्रे पाहात होतो. संग्रहालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या चित्रांत वीतभर उंचीचे एक नळकांडे होते, आणि त्याच्या तळाशी चांदणीच्या आकाराचे भोक असलेली एक चकती बसविलेली होती. खालच्या इंग्रजी नोंदीचा आशय असा होता की, हे एक सच्छिद्र पात्र असून त्याचा उपयोग बहुधा पूजाविधीत होत असावा. आमच्या मातोश्री शेजारी लसूण सोलीत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, हा तर चकलीचा सोऱ्या! दट्ट्या तेवढा हरवलेला दिसतो."

त्या संकेतस्थळावर सभासद होण्याची सोय होती, आणि प्रत्येक वस्तूखाली अभिप्राय लिहिण्यासाठी एक चौकटही होती. म्हणजे ज्या प्रकारच्या घराची मागणी पहिला पक्ष करतो, ते घर तेथे बांधून तयार होते. आम्ही सभासद झालो, परवलीचा शब्द ठरविला, आणि मातोश्रींचे म्हणणे त्या चौकटीत नीट लिहिले. सोऱ्या म्हणजे काय, तो कसा वापरतात, दट्ट्या कसा असतो, शेवेची आणि चकलीची चकती निराळी कशी, हेही सांगितले. आपल्या सहभागाबद्दल आभार, असे यंत्राचे उत्तर क्षणार्धात आले. त्यानंतर आजतागायत काही नाही. आमचा अभिप्राय त्या चित्राखाली अजून एकटाच उभा आहे, आणि त्याच्या वर चार बोटांच्या अंतरावर मूळची नोंदही जशीच्या तशी आहे. एकाच पानावर एक वस्तू पूजेचे पात्रही आहे आणि चकलीचा सोऱ्याही आहे. आणि या दोन वाक्यांची एकमेकांशी ओळख करून देण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नाही.

जुन्या गावगाड्यात दोन गोष्टी असत. एक चावडी आणि दुसरे दप्तर. चावडीवर लोक जमत, बोलत, भांडत, साक्ष देत. दप्तर कुलकर्ण्याकडे असे. चावडीवर शेताच्या बांधाविषयी कितीही बोलणे झाले तरी ते दप्तरात उतरेपर्यंत बांध होता तेथेच राही. आंतरजालावरील संग्रहालयांची जी चर्चा आमच्या वाचनात येते, ती जवळजवळ सर्व चावडीविषयी असते: ती कोणाच्या जागेत असावी, तिला छप्पर कसले असावे, तेथे गर्दी कशी जमवावी. दप्तराचा विचार तीत फारसा आढळत नाही. आमचे म्हणणे असे की, दप्तर नीट असेल तर चावडी कोणाच्या जागेत आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. आणि दप्तर नसेल तर स्वतःची चावडी बांधूनही हाती काही येत नाही. हे म्हणणे गेल्या वीस वर्षांच्या अनुभवावर घासून पाहू.

स्वतःची चावडी बांधण्याचा सर्वांत उत्साही प्रयोग न्यूयॉर्क येथील ब्रुकलिन संग्रहालयाने केला. २००८ साली त्याने आपला संग्रह आंतरजालावर मांडला, आणि त्याबरोबरच 'पॉसी' नावाचे एक सभासद-मंडळ आपल्याच संकेतस्थळावर उभे केले. सभासदाने वस्तूंस आपल्या मनाने शब्द चिकटवावेत, आवडीच्या वस्तू निवडाव्यात, अभिप्राय लिहावेत, अशी योजना होती. शब्द चिकटविण्याचे काम कंटाळवाणे होऊ नये म्हणून त्याचा खेळ केला होता. आणि एकाने लावलेला शब्द दुसऱ्यास अयोग्य वाटला तर त्याचा निवाडा इतर सभासदांनी करावा, असा दुसराही एक खेळ होता. कल्पकतेत काही कमी नव्हते. तरी २०१४ साली संग्रहालयाने हे मंडळ आणि हे खेळ बंद केले. त्याच वेळी फ्लिकरसारख्या परक्या ठिकाणांहूनही ते बाहेर पडले, आणि प्रत्यक्ष संग्रहालयात येणाऱ्या प्रेक्षकांकडे त्याने आपले लक्ष वळविले.

या घटनेवरून स्वतःच्या घराचे विरोधक आपला विजय झाला असे मानतात. आम्हांस तसे वाटत नाही. ब्रुकलिनने स्वतःची चावडी सोडली तशी परकीही सोडली. तेव्हा यातून जागेविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, केवळ संग्रह पाहावयास मिळतो म्हणून लोक एकत्र बांधले जात नाहीत. मराठी माणसास हे सहज पटावे. १९९६ साली परदेशस्थ मराठी माणसांनी 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केले, आणि ते आजही नांदते आहे. तेथे लोक आले ते एकमेकांसाठी. आधी माणसांस बोलावयाचे होते आणि मग जागा झाली. संग्रहालयाचा क्रम याच्या उलट असतो: जागा आधी तयार होते, आणि मग बोलण्याची गरज शोधावी लागते.

आता परक्या चावडीचे उदाहरण घेऊ. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील तीन हजारांहून अधिक छायाचित्रे फ्लिकर या खाजगी कंपनीच्या स्थळावर ठेवली. 'फ्लिकर कॉमन्स' या उपक्रमाचा तो आरंभ होता. त्या चित्रांपैकी पुष्कळशी बेन न्यूज सर्व्हिस या जुन्या वृत्तसंस्थेची, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीची होती. त्यांची माहिती काय, तर मूळ काचेवर घाईघाईने लिहिलेले एखादे आडनाव, आणि तेही कधी अशुद्ध. लोकांनी ती चित्रे पाहिली. कोणी जुनी वर्तमानपत्रे धुंडाळून प्रसंग ओळखला, कोणी इमारत ओळखली, कोणी नावाचे स्पेलिंग सुधारले. पहिल्या काही महिन्यांतच पाचशेहून अधिक नोंदींत ग्रंथालयाने या माहितीच्या आधारे सुधारणा केल्या.

आमच्या दृष्टीने या सर्व प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट फ्लिकरवर घडलेली नाही. ती ग्रंथालयाच्या स्वतःच्या सूचीत घडलेली आहे. त्या सूचीत अशी एखादी नोंद उघडली की, चित्राचे मूळ शीर्षक जसेच्या तसे दिसते. ते वृत्तसंस्थेने काचेवर लिहिलेले आहे असे सांगितलेले असते. आणि त्याखाली चित्रात खरोखर काय आहे ते सांगून कंसात, ही माहिती फ्लिकर कॉमन्स उपक्रमातून अमुक वर्षी मिळाली, असा आधार दिलेला असतो. कारकुनाच्या डोळ्यांना यात सर्व काही दिसते. पत्र आले, ते कोणी तरी वाचले, त्याची शहानिशा केली, योग्य त्या नस्तीत लावले, जुना कागद फाडला नाही, आणि कोठून आले त्याचा शेरा मारला. चावडी परक्याची होती, पण दप्तर घरचे होते आणि ते जागे होते. उद्या फ्लिकर बुडाले तरी त्या पाचशे नोंदी बुडणार नाहीत.

आणि अशी स्थळे बुडतात, किंवा निदान मालक बदलतात, हे विसरून चालणार नाही. फ्लिकर २००५ साली याहू कंपनीने घेतले. २०१८ साली ते स्मगमग या दुसऱ्या कंपनीकडे गेले, आणि त्याच वर्षी विनामूल्य खात्यांवर एक हजार चित्रांची मर्यादा घालण्याचे जाहीर झाले. कॉमन्समधील चित्रे त्यातून वगळण्यात आली, म्हणून निभावले. आपल्या देशात ऑर्कुटची आठवण अनेकांच्या मनात ताजी असेल. तेथे मराठी माणसांचीही मंडळे होती, जुन्या गाण्यांच्या, गावांच्या, शाळांच्या आठवणी लोक भरभरून लिहीत; ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकाने दार लावले. तेथील बोलणे ज्यांनी वेळीच उतरवून घेतले नाही त्यांचे ते गेले. म्हणून पहिल्या पक्षाची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्राच्या ठेव्याविषयी लोकांनी सांगितलेली माहिती ही देखील ठेवाच आहे, आणि ती केवळ परक्या तिजोरीत ठेवणे हा निष्काळजीपणाच होय. परंतु यावर उपाय स्वतःची चावडी बांधणे हा नसून, जे बोलणे कामाचे असेल ते तेथून उचलून आपल्या दप्तरात आणणे हा आहे.

मराठी वाचकास ही रीत परकी वाटू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. ते कागद राजवाड्यांच्या घरी चालत आले नव्हते. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, धन्याची समजूत घालून त्यांनी ते मिळविले. म्हणजे ज्यांच्याजवळ माहिती होती त्यांच्या ओसरीवर ते गेले. पण तेथे ऐकून, वाचून स्वस्थ बसले नाहीत. मजकूर उतरवून छापला आणि सर्वांच्या हाती दिला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि सभासदांनी मिळविलेले कागद व केलेली टिपणे मंडळाच्या इतिवृत्तांतून व पुढे त्रैमासिकातून प्रसिद्ध होऊ लागली. ज्याने कागद आणला त्याचे नाव कागदाबरोबर राहिले. लोकसहभाग हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, पण वस्तू होती.

याचा अर्थ संग्रहालयाने स्वतःचे सहभागाचे घर कधीच बांधू नये, असा कोणी करील तर ते आमचे म्हणणे नव्हे. घर बांधावे, पण ते कामाचे असावे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून जुनी वर्तमानपत्रे आंतरजालावर ठेवली. यंत्राने वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला होता. तो सुधारण्याची मुभा त्यांनी वाचकांस दिली, आणि वाचकांनी कोट्यवधी ओळी सुधारल्या. हे काम आता 'ट्रोव्ह' या नावाने चालते. २०२३ च्या आरंभी पैशाअभावी ते बंद पडते की काय अशी वेळ आली, तेव्हा तेथील सरकारने चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लक्ष डॉलर मंजूर केले. अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाने २०१३ साली लोकांसाठी लिप्यंतराचे केंद्र उघडले, आणि तेथे स्वयंसेवक हस्तलिखित रोजनिश्या व टिपणे वाचून उतरवून देत आहेत. ही दोन्ही घरे त्या संस्थांची स्वतःची आहेत आणि दोन्ही गजबजलेली आहेत. कारण तेथे येणाऱ्यास काय करावयाचे ते ठाऊक असते, केलेले काम लगेच दिसते, आणि ते थेट दप्तरात पडते. तेथे चावडी व दप्तर हे दोन उरतच नाहीत.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाचे 'राइक्सस्टुडिओ' हा याहून निराळा प्रकार. २०१२ साली त्याने सव्वा लक्ष वस्तूंची उत्तम चित्रे खुली केली, आणि ती निवडून, कापून, आपल्या संचात लावून कशासाठीही वापरावीत अशी मोकळीक दिली. लोकांनी बोलावे असा आग्रह तेथे नाही; त्यांनी वस्तू घरी न्यावी एवढीच अपेक्षा आहे. हा उपक्रम देखणा आहे, आणि दानत मोठी आहे. तथापि तेथे देणारा संग्रहालय आणि घेणारा लोक, हा जुना क्रम कायम राहतो. संग्रहालयास ज्ञानाची वाण नसेल तेथे हे शोभते. आपल्या देशात संग्रहालयास पुष्कळ काही लोकांकडून घ्यावयाचे आहे.

ते काय, हे सांगण्यासाठी आणखी एका प्रयोगाचा उल्लेख करतो. २००५ च्या सुमारास अमेरिकेतील काही कलासंग्रहालयांनी मिळून 'स्टीव्ह' नावाचा एक अभ्यास हाती घेतला. लोकांस चित्रे दाखवावयाची आणि त्यांस सुचतील ते शब्द लिहावयास सांगावयाचे. असे जमलेले शब्द संग्रहालयांच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा सुमारे ८६ टक्के शब्द त्या नोंदींत कोठेच नव्हते असे आढळले. नोंद लिहिणारा काळ, माध्यम, घराणे लिहितो. पाहणारा होडी, वादळ, लाल झगा असे लिहितो. दोघेही इंग्रजीच बोलणारे असता ही स्थिती. मग जेथे नोंद इंग्रजीत आणि वस्तू मराठी, तमिळ किंवा गोंडी घरातील, तेथील अंतर केवढे असेल!

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जे गेले असतील त्यांस हे अंतर अधिक कळेल. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून राजेरजवाड्यांच्या वस्तूंबरोबर अडकित्ते, वज्री, पानाचे डबे, दौती, फण्या आणि नाना तऱ्हेचे दिवे जमविले. इंग्रजीत त्या सर्व दिव्यांस एकच शब्द पुरतो. आपल्याकडे समई निराळी, निरांजन निराळे, लामणदिवा निराळा, पणती निराळी; आणि त्यांतील एकीच्या जागी दुसरी ठेवली तर घरातील वडीलधारे माणूस लगेच टोकेल. हा भेद वस्तूच्या धातूत किंवा उंचीत नसतो. तो तिच्या नावात आणि वापरात असतो, आणि तो ज्यांस ठाऊक आहे त्यांचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे. त्यांतील कित्येक जण महाराष्ट्रात नाहीतही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथील जुन्या मराठी घरांत काही शब्द असे टिकले आहेत की जे पुण्यामुंबईस केव्हाच मागे पडले. या मासिकाच्या वाचकांस ते निराळे सांगावयास नको.

भारत सरकारने या दिशेने काहीच केले नाही असे नव्हे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 'जतन' नावाची प्रणाली सिद्ध केली, आणि तिच्या आधारे 'म्युझियम्स ऑफ इंडिया' हे राष्ट्रीय संकेतस्थळ उभे राहिले. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कलकत्त्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग, अलाहाबादचे संग्रहालय, जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालय अशी दहा संग्रहालये आरंभी त्यात घेण्यात आली. हे काम खरोखर मोठे आहे, कारण निरनिराळ्या पद्धतींनी लिहिलेली जडवहीतील माहिती एका साच्यात बसविणे म्हणजे काय, हे ज्याने नोंदवह्या हाताळल्या आहेत त्यासच समजेल. दुसऱ्या बाजूने, २०११ साली सतरा संग्रहालयांनी सुरू झालेल्या गूगलच्या कला-प्रकल्पात २०१२ साली १५१ संस्था झाल्या, तेव्हा दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय व राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही दोन्ही त्यात होती. म्हणजे स्वतःचे घर आणि परक्याची ओसरी ही दोन्ही आपणांस आधीच आहेत. उणीव आहे ती या दोहोंच्या मागे बसणाऱ्या माणसाची. नोंदी सर्वसाधारणपणे इंग्रजीत असताना देवनागरीत 'लामणदिवा' लिहून शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? आणि ज्या मातोश्रीस तो शब्द ठाऊक आहे, तिचे सांगणे कोणत्या रकान्यात लिहिले जाणार?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. लोक चुकीचेही सांगतात, अभिमानापोटी सांगतात, कधी द्वेषापोटीही सांगतात. आपली मूर्ती शेजारच्या मूर्तीहून जुनी आहे असे सांगणारे शंभर भेटतील. संग्रहालयाचा शब्द प्रमाण मानला जातो. तो गर्दीच्या हाती द्यावा काय? आमचे उत्तर असे की, देऊ नये. नोंद संग्रहालयाचीच असावी. पण कचेरीत आलेले प्रत्येक पत्र खरे मानले जात नाही, म्हणून ते डायरीत चढविण्याचेच कोणी टाळीत नाही. आधी डायरी क्रमांक पडतो, मग तपासणी होते, मग नोटशीटवर ग्राह्य की अग्राह्य ते कारणासह लिहिले जाते. अग्राह्य ठरले तरी पत्र नस्तीत राहते. गर्दीचे सांगणे आणि संस्थेचे प्रमाण यांत जो पूल हवा तो इतका साधा आहे, आणि तो आपल्या प्रत्येक कचेरीत पूर्वीपासून आहे.

आणि बाहेरचे पत्र न वाचण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचा धडा जगातील एका थोर संग्रहालयाने नुकताच घेतला. २०२१ साली एका डॅनिश पुराणवस्तू-व्यापाऱ्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला कळविले की, तुमच्या संग्रहातील रत्ने आंतरजालावरील लिलावात विकली जात आहेत असा मला संशय आहे. संग्रह सुरक्षित आहे, असे त्यास उत्तर मिळाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संग्रहालयासच जाहीर करावे लागले की वस्तू नाहीशा झाल्या आहेत. तो आकडा सुमारे दोन हजार निघाला आणि संचालकांनी पद सोडले. त्यांतील पुष्कळ वस्तूंची धड नोंदच झालेली नव्हती. त्यानंतर संग्रहालयाने लोकांकडे मदत मागितली, आणि सबंध संग्रह पाच वर्षांत आंतरजालावर आणण्याचा संकल्प सोडला. तेथे चावडीची उणीव नव्हती. सांगणाऱ्यास पत्ता ठाऊक होता आणि त्याने पत्रही लिहिले होते. उणीव होती ती आलेले पत्र गंभीरपणे वाचून दप्तराशी ताडून पाहण्याची.

आमच्या सूचना फार नाहीत. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत, ती जेथून आली तेथील भाषेतील नावाचा एक रकाना असावा, आणि तो त्या भाषेच्या लिपीत असावा. बाहेरून आलेल्या माहितीसाठी दुसरा रकाना असावा. त्यात कोणी, केव्हा व कोठे सांगितले, आणि संग्रहालयाने त्याचे काय केले, हे लिहिले जावे. सांगणारा फेसबुकवर बोलला, पोस्टकार्डाने बोलला की दालनातील शिपायाजवळ बोलला, यांत भेद करू नये. आणि या रकान्यांसाठी प्रत्येक संग्रहालयात एक माणूस असावा. नवे स्थळ बांधण्यास एकरकमी पैसा मिळतो, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्रे छापून येतात. रोज आलेली दहा पत्रे वाचणाऱ्या माणसाचा पगार मात्र कोणत्याही उद्घाटनात दिसत नाही. म्हणूनच स्थळे होतात आणि माणूस नेमला जात नाही, असा आमचा संशय आहे.

स्वतःचे घर बांधण्याची हौसच असेल तर ती मोडीसाठी बांधून पुरवावी. पुण्याच्या पेशवे दप्तरात, तंजावरच्या सरस्वती महालात आणि कित्येक संस्थांच्या कपाटांत मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि ती लिपी सराईतपणे वाचणारे थोडे उरले आहेत. ट्रोव्हसारखे किंवा स्मिथसोनियनसारखे एक घर या कागदांसाठी उघडले, एकाने वाचलेली ओळ दुसऱ्याने तपासावी आणि दोघांची नावे कागदाबरोबर राहावीत अशी सोय केली, तर लोक येतील याविषयी आम्हांस शंका नाही. तेथे गप्पांसाठी चौकट ठेवली नाही तरी चालेल. काम असले म्हणजे गप्पा आपोआप होतात.

संग्रहालयांनी लोकांस बोलावे अशी विनंती करण्यापूर्वी आपण ऐकणार आहो काय, हे स्वतःशी ठरवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्या दारी उत्तर मिळत नाही त्या दारी मनुष्य दुसऱ्यांदा जात नाही. आमच्या मातोश्रींस आम्ही परवा त्याच संग्रहालयाचे आणखी एक चित्र दाखविले. त्यांनी वस्तू ओळखली, नावही सांगितले. "पण आता कळवू नकोस," त्या म्हणाल्या, "मागचेच अजून कोणी वाचलेले नाही." ते नाव आम्ही तूर्त आमच्याच वहीत, तारीख घालून, लिहून ठेवले आहे.